गाडीची वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स, दोन्हीसाठी एकच मल्टिमीटर घ्यायचा तर कोणता? ॲक्युरसी किती बघावी?

ॲक्युरसी सगळ्यात शेवटी बघा. गाडीची बॅटरी १२.६२ व्होल्ट आहे की १२.६५, यावर कुठलाच फॉल्ट अडत नाही. आधी मीटरची भोकं आणि पिना बघा.

मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, रात्री घरी बोर्ड उघडून बसतो. माझा पहिला मीटर सगळ्यांचा असतो तोच, पिवळा, दोन-तीनशे रुपयांचा. एकदा करंट मोजून झाल्यावर लाल पिन १० अँपिअरच्या भोकातच राहिली आणि मी तशीच बॅटरीच्या दोन टर्मिनलांना लावली. क्षणात पिनेच्या वायरचं कव्हर वितळून बोटाला चिकटलं. त्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड', म्हणजे फ्यूज नाही, असं छापलेलं असतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं! अँपिअर मोजताना मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार असते, आणि गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते.

म्हणून पहिली अट: करंटच्या प्रत्येक भोकाला फ्यूज हवा, तोही सिरॅमिकचा एचआरसी, म्हणजे मोठा करंटही न फुटता तोडणारा. काचेचा फ्यूज मोठ्या करंटला फुटतो आणि आत ठिणगी चालूच राहू शकते. घरातल्या २३० व्होल्टलाही हात लावणार असाल तर कॅट थ्री ६०० व्होल्टच्या खाली उतरू नका; हा मीटरवर छापलेला सुरक्षेचा दर्जा. नाशिकच्या ऋषभ कंपनीचे काही मीटर असे आहेत की स्विच फिरवला की नको ती भोकंच झाकली जातात. माझ्यासारख्या विसरभोळ्यांसाठीच केलेत जणू.

दुसरी अट इनपुट इम्पिडन्सची, म्हणजे व्होल्ट मोजताना मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स किती, याची. पिवळ्याचा १ मेगाओहम असतो, चांगल्या मीटरचा १०. बॅटरी बघताना दोन्ही सारखेच. पण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खेळतो आणि त्याच्यात दम नसतो. तिथे हलका मीटर स्वतःच सिग्नल खाली ओढतो. बोर्डवर मोठ्या रेझिस्टन्सची सर्किटं असतात, तिथेही हीच गत.

गाडीत खरं काम होतं ते व्होल्टेज ड्रॉपवर, म्हणजे करंट चालू असताना वायरीत किंवा जोडात किती व्होल्ट वाया जातात त्यावर. एक गाडी आली होती, सेल्फ जड फिरायचा. मालकाने बॅटरी नवीन टाकून झाली होती, तरी तेच. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारला तर मीटरवर एक व्होल्टच्या वर. तिथे ०.२च्या आत हवा. अर्थची पट्टी गंजली होती, एवढंच. सेल्फ दोन सेकंद फिरतो, तेवढ्यात आकडा पकडायचा तर मीटरला मिन-मॅक्स, म्हणजे सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं बटण हवं. मी हे बटण नसलेला मीटर आता घेणार नाही. ओहमवर मोजली असती तर ती पट्टी चांगलीच दिसली असती, कारण लोड आल्याशिवाय तिचा दोष कळत नाही.

रात्रीत बॅटरी उतरते, ही दुसरी नेहमीची तक्रार. लॉक केलेल्या गाडीचा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. पण मीटर लाइनीत घालायला बॅटरीची वायर सोडली की गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपेतून उठतात, मग अर्धा तास थांबा. त्यातच कुणी सेल्फ मारला तर फ्यूज गेला. यासाठी मी डीसी क्लॅम्प, म्हणजे वायर न सोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर वापरतो, युनि-टीचा यूटी २१० ई. तो १ मिलिअँपिअरपर्यंत दाखवतो, फक्त मोजायच्या आधी तिथल्या तिथे शून्य करून घ्या. क्लॅम्प घेताना डीसी आहे ना, हे विचारा. बरेचसे फक्त एसी मोजतात आणि गाडीत शोभेला राहतात.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी मायक्रोअँपिअर, कपॅसिटन्स, डायोड आणि चटकन वाजणारा बीप पुरे. मिलिअँपिअरवर मोजताना मीटरमध्येच थोडे व्होल्ट जातात, ३.३ व्होल्टचा बोर्ड त्यामुळे रिसेट होऊ शकतो, हे लक्षात असू द्या. ट्रू आरएमएसवर, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचा एसीही बरोबर मोजण्यावर, मी भांडणार नाही. डीसी कामाला फरक पडत नाही, इन्व्हर्टर मोजणार असाल तर घ्या.

मग नाव? एकच घ्यायचा तर फ्ल्यूक १७बी प्लस: मायक्रोअँपिअर, कपॅसिटन्स, तापमान सगळं आहे, फक्त ट्रू आरएमएस नाही. माझी स्वतःची निवड मात्र जोडीची: मिन-मॅक्सवाला एक मध्यम मीटर आणि वरचा क्लॅम्प. म्हणजे अँपिअरच्या भोकात पिन घालायची वेळच क्वचित येते.

पिवळा टाकू नका, पण त्यातला ९ व्होल्टचा सेल बदला. सेल उतरला की तो आकडे वाढवून दाखवतो आणि मेलेली बॅटरी चांगली वाटते.