एकाच प्रकारच्या कथा लिहून साचलेपण आले असेल, तर लेखनप्रकार बदलत राहावे का? किती काळाने बदलावे, आणि त्यासाठी टोपणनाव घ्यावे का?

आपण लिहिले आहे की आठ वर्षे कौटुंबिक कथा लिहिल्यानंतर आता प्रत्येक नवी कथा मागच्या कथेची सख्खी बहीण वाटते, आणि मधूनच एखादी रहस्यकथा किंवा विज्ञानकथा लिहिली तर लेखणी ताजी राहील का, अशी शंका आपल्याला आहे. लिहावी. निःशंकपणे लिहावी. हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, ते सांगण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

महसूल खात्यात मी 32 वर्षे नोकरी केली आणि त्यातील बहुतेक वर्षे सातारा जिल्ह्यात गेली. कथा तेव्हाही लिहीत होतो, पण दिवसभर ज्या कागदांत बुडालेला असे त्यांचा एक शब्दही रात्रीच्या कथेत येऊ देत नसे. सातबारा, फेरफार, वारस नोंद ही पोटापाण्याची बाब आणि आई, सून, म्हातारपण, एकटेपणा हे साहित्य, अशी माझ्या मनाची पक्की वाटणी झाली होती. परिणामी अकरा वर्षांत मी एकच कथा नावे बदलून वीस-बावीस वेळा लिहिली. तिच्यात कोणीतरी सकाळी चहाचे आधण ठेवी, मधल्या पानांत जुने पत्र सापडे आणि शेवटी एक बाई खिडकीशी उभी राही. संपादकांना ती आवडत असे, हीच खरी अडचण होती.

एका वर्षी, दिवाळी अंकांसाठी कथा मागणारी पत्रे यायच्या सुमारास, एका संपादकांनी माझ्याकडे रहस्यकथा मागितली. मी हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आले की खून, पोलीस, पिस्तूल यांपैकी कशाचीही मला माहिती नाही. मला माहिती होती ती हक्कसोडपत्राची. 2005 च्या कायदादुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला आणि त्यानंतर बहिणींकडून हक्क सोडवून घेण्याची जी घाई गावोगाव सुरू झाली, ती मी टेबलाच्या या बाजूने पाहिली होती. भाऊ रिक्षा करून बहिणीला आणत, साडी घेत, जेवू घालत, आणि सही झाली की ती परतीच्या एसटीला एकटी उभी असे. हे दृश्य अकरा वर्षांत माझ्या एकाही कौटुंबिक कथेत आले नाही, आणि रहस्यकथा लिहायला बसलो तेव्हा ते पहिल्या पानावर येऊन बसले.

कथा अशी होती. आक्का नावाच्या विधवा बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले, त्या दस्ताची नोंदणी झाली, फेरफारही मंजूर झाला. परंतु दस्ताच्या दिवशी आक्का वारीत होती आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर फलटणच्या तळावर पोहोचली होती. मग दुय्यम निबंधकांसमोर अंगठा कोणी दिला? आणि तिची ओळख पटवणारे ते दोन साक्षीदार कोण होते? दिंडीतला एक मुलगा शेवटी सांगतो की त्या मध्यरात्री राहुटीबाहेर चांदण्यात झोपलेली आक्का त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि त्याच्या साक्षीवर सगळे बिंग फुटते.

अंक बाजारात आल्यावर आठवड्याभरात एका अनोळखी वाचकाचे पत्र आले. त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत कळवले होते की पालखी फलटणला पोहोचते ती आषाढ शुद्ध पक्षाच्या अगदी पहिल्या तिथींना, त्या तिथींची चंद्रकोर मध्यरात्रीच्या पुष्कळ आधी मावळते, शिवाय दिवस पावसाळ्याचे असतात. तेव्हा लेखकाने ज्याला कथेतील एकमेव प्रामाणिक माणूस ठरवले आहे तो मुलगा धडधडीत खोटे बोलतो आहे आणि ही गोष्ट खुद्द लेखकाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाही. माझ्या कौटुंबिक कथांत नायिका उदास झाली की चंद्र उगवत असे, आणि त्याला कोणीही कधी तिथी विचारली नव्हती. रहस्यकथेचा वाचक तिथी विचारतो. प्रकार बदलण्याचा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ हा आहे. विसावा, मनाचा बदल वगैरे जे सांगितले जाते त्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण नवा प्रकार विसावा मुळीच देत नाही. जुन्या प्रकारात ज्या लबाड्या खपून जात होत्या त्या नव्या प्रकारात पकडल्या जातात, आणि एकदा पकडले गेल्यावर परत जुन्या घरी आले तरी हात आखडतो. त्यानंतर मी दोन भावांच्या वाटणीवर जी कौटुंबिक कथा लिहिली, तिच्यासाठी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कोणाला काय केव्हा कळले याचा तक्ता केला होता. त्या कथेत चंद्र नाही आणि खिडकीही नाही.

आता ज्यांच्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो त्यांच्याविषयी. आमच्या साहित्य मंडळात एक ज्येष्ठ कथाकार होते. रहस्यकथा वाचून त्यांनी भर बैठकीत ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे उद्गार काढले आणि वर सल्ला दिला की असले काही लिहायचेच असेल तर टोपणनावाने लिहावे, म्हणजे चांगल्या कथांवरचे नाव बाटणार नाही. मी त्या वेळी गप्प बसलो. आज विचारले असते तर त्यांना म्हटले असते की हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या आणि ऐतिहासिकही लिहिल्या, गंगाधर गाडगीळांनी नवकथा लिहिता लिहिता बंडूच्या विनोदी कथाही लिहिल्या, आणि दोघांनीही या दोन कामांसाठी दोन माणसे उभी केली नाहीत. टोपणनावाचा दाखला द्यायचाच तर जयंत नारळीकरांचा द्यावा. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेसाठी त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, कारण आपल्या प्रसिद्धीचे वजन परीक्षकांवर पडू नये अशी त्यांची इच्छा होती. तिला पहिले पारितोषिक मिळाले. तेथे टोपणनाव होते ते कथेला नावाच्या मेहेरबानीपासून वाचवण्यासाठी. आमच्या ज्येष्ठांना नावाला कथेपासून वाचवायचे होते.

हे लिहिताना माझ्या ध्यानात येत आहे की मी आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक उत्तर देत आहे. तेव्हा न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्यांनी जन्मभर एकाच तालुक्यातील शेतकऱ्यांच्या कथा लिहिल्या, प्रकार एकदाही बदलला नाही, आणि त्यांच्या अखेरच्या चार-पाच कथा मी आजवर लिहिलेल्या कोणत्याही कथेहून सरस आहेत. याचा माझ्या म्हणण्याशी मेळ कसा घालावा ते मला ठरवता आलेले नाही. कदाचित काही लेखकांना विहीर बदलावी लागते आणि काहींना आहे तीच खोल खणता येते. मला खणता येत नव्हते, एवढे मात्र खरे.

आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधीच सांगायला हवी होती. हाती घेतलेली कथा अडली म्हणून दुसऱ्या प्रकाराकडे पळू नये. माझ्या कपाटात एक विज्ञानकथा निम्मी पडून आहे. एक कौटुंबिक कथा जमेना म्हणून ती सुरू केली, तिच्यात यंत्राचे वर्णन सोडून काही घडेना म्हणून विनोदी कथा हाती घेतली, आणि त्या वर्षी तिन्हींपैकी एकही पुरी झाली नाही. किती काळाने बदलावे, या आपल्या प्रश्नाला म्हणूनच वर्षांत उत्तर देता येत नाही. जी लिहीत आहात ती संपवावी. पुढचीचा शेवट लिहिण्याआधीच दिसू लागला, तर तिला हात न लावता दुसरीकडे जावे.

टोपणनाव मात्र घेऊ नये. नेहमीच्या संपादकांना आपल्याकडून नेहमीचीच कथा हवी असते, त्यामुळे पहिली रहस्यकथा बहुधा साभार परत येईल. दुसऱ्या रहस्यकथेच्या वेळी माझ्यावर तीच वेळ आली. मी पाकीट बदलले, नाव तेच ठेवले आणि ती दुसऱ्या अंकाकडे धाडली. तेथे ती छापून आली.