वाचकांचे प्रश्न: आमच्या लीगचा हॉल ऑफ फेम, कोण आत आणि कोण बाहेर?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही सात मित्र, कॉलेजपासूनचे, कॉम्प्युटरवर बेसबॉलची सिम्युलेशन लीग चालवतो, प्लेअर सगळे काल्पनिक, प्रत्येकाची एक टीम, दर रविवारी कुणाच्या तरी घरी बसतो. २४ सीझन झाले, आता जुने प्लेअर रिटायर व्हायला लागलेत म्हणून हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर प्लेअरची मानाची यादी, सुरू केला आणि तीन नावांवरून वाद पेटलाय. एक पिचर (बॉल टाकणारा), सहा वर्षं त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, मग खांदा गेला आणि संपलाच. दुसरा होमरनवाला (बॉल थेट मैदानाबाहेर मारणारा, आपल्या सिक्ससारखं), पण त्याचं होमग्राउंड म्हणजे बॅटिंगवाल्यांची चंगळ. तिसरा १९ वर्षं खेळला, २७०० च्या वर हिट्स, पण एकाही वर्षी कशातच पहिला नाही. मी म्हणतो ३००० हिट्स, ५०० होमरन, ३०० विन्स हेच निकष ठेवू. चालेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: नाही चालणार. हे आकडे अमेरिकेतल्या खऱ्या लीगच्या शंभराहून जास्त वर्षांतून तयार झालेत, तुमच्या लीगला ते मापाचे होणार नाहीत. खऱ्या लीगमध्येसुद्धा काळ बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो. १९६८ मध्ये पिचर एवढे भारी पडले की अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या खऱ्या लीगच्या दोन भागांपैकी पहिल्याचा बॅटिंग चॅम्पियन यास्ट्रझेम्स्की फक्त .३०१ अ‍ॅव्हरेजवर (दहा प्रयत्नांत जेमतेम तीन हिट्स) होता आणि नॅशनल लीगमध्ये पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन, जितके कमी तितकं भारी) १.१२, शेवटी १९६९ ला पिचर ज्यावरून बॉल टाकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणावा लागला. म्हणून प्रत्येकाला त्याच्याच सीझनच्या लीग अ‍ॅव्हरेजशी आणि त्याच्याच पोझिशनच्या बाकीच्यांशी ताडून बघा.

पिचरला मी डोळे झाकून मत देईन. पिचर सँडी कोफॅक्स आठवा, १९६२ ते १९६६ सलग पाच वर्षं ईआरएमध्ये लीगमध्ये पहिला, तीन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), आणि हाताच्या दुखण्याने वयाच्या तिसाव्या वर्षी रिटायर. विन्स फक्त १६५, तरी १९७२ ला पहिल्याच फटक्यात हॉल ऑफ फेमच्या आत. पण योहान सांताना, दोन साय यंग जिंकलेला, त्याला २०१८ ला २.४ टक्के मतं पडली आणि ५ टक्क्यांच्या खाली गेल्यामुळे पहिल्याच वर्षी यादीतून बाद झाला. मला ते अजूनही पटत नाही. बेसबॉलवर लिहिणाऱ्या जे जाफीची पद्धत वापरून बघा, करिअरचा एकूण वॉर (साध्या बदली प्लेअरपेक्षा त्याच्यामुळे टीमने किती मॅच जास्त जिंकल्या याचा अंदाज) आणि सगळ्यात चांगल्या सात सीझनचा वॉर यांची सरासरी, त्यात थोडकी पण जबरदस्त वर्षं झाकली जात नाहीत. फक्त खांदा टिकला असता तर काय झालं असतं याचे मार्क देऊ नका, आणि गेममधली रेटिंग तर बघूच नका, अंगात किती होतं त्यापेक्षा मैदानात काय केलं ते मोजा.

होमरनवाल्याचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा. डेनव्हरच्या टीमकडून खेळलेल्या लॅरी वॉकरला लोक हेच म्हणायचे, डेनव्हर पुण्याच्या जवळपास तिप्पट उंचीवर, हवा विरळ, बॉल लांब जातो. पण १९९७ च्या त्याच्या ४९ होमरनपैकी २९ बाहेरच्या मैदानांवरचे होते! तरीही त्याला मतदानाच्या दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं, २०२० ला ७६.६ टक्के मिळाले तेव्हा कुठे आत. तुमच्यावाल्याचे बाहेरचे आकडेही लीगच्या वरच्या पाचात असतील तर मैदानाचं निमित्त काढून त्याला अडवू नका.

तिसऱ्याला यंदा नाही. यादीत राहू द्या.

मतदानाचं म्हणाल तर कूपरस्टाउनला, म्हणजे खऱ्या हॉल ऑफ फेमला, ७५ टक्के लागतात. तुम्ही सात जण, पाच मतं म्हणजे ७१ टक्केच, म्हणजे सहा हवीत. पण स्वतःच्या टीमच्या प्लेअरला मत द्यायचं नाही असा नियम करा, मग उरलेल्या सहांत पाच पुरतात आणि निम्मी भांडणं तिथेच थांबतील. रिटायर झाल्यावर पाच सीझन थांबायचा नियमही ठेवा, तेवढ्यात डोकं शांत होतं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. क्रिकेटमधलं बघा, भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ ला आपल्या पुण्यातच काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केले, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी होते आणि समोरच्यांनी लंचलाच मॅच सोडून दिली, टेस्ट त्यांना कधीच मिळाली नाही, तरी ही गोष्ट आजही सांगितली जाते कारण ती बघणारे होते आणि त्यांनी ती पुढे सांगितली. तुमच्या प्लेअरना तुम्ही सात जण सोडून कुणीच बघितलेलं नाही. तेव्हा प्रत्येकावर एकेक पान लिहा, कुठली फायनल, कुठला शॉट, कुणाच्या घरी बसला होतात, आणि मत टाकायच्या आधी ते मोठ्याने वाचा. होमरनवाल्याचे बाहेरचे आकडे काढलेत की मलाही पाठवा, बघायचेत.