कॉम्प्युटर कट्टा : मेल वाचा, पण पेटीतली खूण तशीच ठेवा

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत केळीच्या ऑर्डरी, कंटेनरची कागदपत्रं, तपासणीचे अहवाल असं सगळं एकाच मेलबॉक्सवर येतं आणि तो आम्ही चार-पाच जण उघडतो. जोडलेल्या पीडीएफ आपोआप त्या-त्या खरेदीदाराच्या फोल्डरमध्ये जाव्यात म्हणून मी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, तिच्या आयमॅपलिब या मेल हाताळणाऱ्या लायब्ररीवर (म्हणजे तयार कोडच्या संचावर) छोटा प्रोग्रॅम लिहिला. न वाचलेले मेल शोधायचे आणि पीडीएफ उतरवायची, एवढंच तो करतो. पण तो चालला की सगळे मेल वाचलेले दिसतात. आमचे हिशेबनीस काका ठळक अक्षरांतलेच मेल उघडतात, त्यामुळे एक ऑर्डर तशीच पडून राहिली. आता कुणीतरी आठवणीने मेल पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवतं. त्यातच काही पीडीएफ दोनदा उतरतात, काही मागे राहतात आणि मराठी नावाच्या फाइलींची नावं वाचताच येत नाहीत. लायब्ररी बदलू का?
— एक भगिनी, ता. रावेर

उत्तर : ताई, लायब्ररी बदला असं मीही सांगणार आहे, पण तुमचा त्रास तेवढ्याने जाणार नाही. आधी दुखणं कुठे आहे ते बघू.

आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीत मेल सर्व्हरवरच, म्हणजे मेल सेवेच्या कॉम्प्युटरवरच, राहतो आणि त्याच्यावरच्या खुणाही सर्व्हरवरच राहतात. 'वाचलेला' ही त्यातलीच एक खूण, तिचं नाव 'सीन'. ती सगळ्यांची मिळून एकच असते. तुमच्या प्रोग्रॅमने लावली की काकांच्या स्क्रीनवरही लागते. मेलचा मजकूर 'आरएफसी822' किंवा नुसतं 'बॉडी[]' म्हणून मागितला की सर्व्हरने ही खूण लावायची, असा नियमच आहे. त्याऐवजी 'बॉडी.पीक[]' मागा. मजकूर अक्षर न अक्षर तोच येतो, खूण मात्र लागत नाही. शिवाय फोल्डर निवडताना 'रीडओन्ली' चालू ठेवा. मग लायब्ररी सर्व्हरला 'सिलेक्ट'ऐवजी 'एक्झामिन' हा आदेश देते आणि तुमच्या प्रोग्रॅमला त्या फोल्डरमध्ये काही बदलण्याची मुभाच राहत नाही. दोन्ही करा. उद्या दुसऱ्या कुणी तुमच्या प्रोग्रॅममध्ये हात घातला तरी काकांचे मेल सुरक्षित राहतील.

पीडीएफ दोनदा उतरणं आणि मागे राहणं, दोन्हीचं मूळ 'न वाचलेले मेल शोधा' या ओळीत आहे. काकांनी तुमच्या आधी मेल उघडला तर प्रोग्रॅमला तो दिसतच नाही. कुणी तो पुन्हा 'न वाचलेला' केला तर तोच मेल परत उतरतो. वाचलं की नाही, ही माणसांची खूण आहे. आपण कोणतं काम उरकलं, याची नोंद प्रोग्रॅमने स्वतःच्या वहीत ठेवली पाहिजे.

त्यासाठी यूआयडी वापरा. फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला सर्व्हर एक आकडा देतो. तो चढत्या क्रमाने जातो आणि पुन्हा दुसऱ्या मेलला मिळत नाही. फोल्डरमधला कितवा मेल, हा साधा अनुक्रमांक मात्र धरू नका. मधला एखादा मेल कुणी कायमचा पुसला की पुढच्या सगळ्यांचे अनुक्रमांक सरकतात. आयमॅपलिबमधले साधे 'सर्च' आणि 'फेच' नेमके अनुक्रमांकच देतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. यूआयडीबरोबर 'यूआयडीव्हॅलिडिटी' हा फोल्डरचा आकडाही नोंदवा. तो बदलला तर जुने यूआयडी बाद समजायचे आणि नोंद नव्याने सुरू करायची. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसचा एक छोटा तक्ता पुरतो : फोल्डर, यूआयडीव्हॅलिडिटी, यूआयडी. आणि नोंद करायची ती पीडीएफ डिस्कवर पूर्ण उतरल्यावरच. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. आधी नोंद केली आणि मध्येच लाइट गेली, तर ती फाइल कायमची राहून जाईल.

इथे एक बारकावा सांगतो. शेवटचा यूआयडी 812 असेल तर पुढचे मेल '813:*' असं मागतात. नवीन काहीच आलेलं नसलं तरी सर्व्हर 812 परत देतो, कारण '*' म्हणजे असलेल्यांपैकी सर्वांत मोठा आकडा, आणि 813 ते 812 किंवा 812 ते 813, सर्व्हरला दोन्ही सारखंच. हा सर्व्हरचा दोष नाही, नियमात तसंच आहे. म्हणून आलेल्या यादीतून 813 पेक्षा लहान आकडे तुम्हीच गाळा.

आता मराठी नावं. मेलच्या मथळ्यात मूळची सोय फक्त इंग्रजी अक्षरांची होती, म्हणून बाकीच्या लिप्या गुंडाळून पाठवतात. '=?' ने सुरू होणारी लांबलचक ओळ तुम्हाला दिसते, ती हीच. 1990च्या दशकापासून ही रीत ठरलेली आहे. पायथॉनचं ईमेल मॉड्यूल ती सोडवतं, पण सांगितल्याशिवाय नाही. मेल वाचताना पॉलिसी, म्हणजे वाचण्याची नियमावली, 'डीफॉल्ट' द्या. 'डीफॉल्ट' म्हणजे आपोआप लागू होणारी, पण नाव तसं असूनही काहीच न दिल्यास ती लागू होत नाही, जुनीच पॉलिसी चालू राहते. मग 'गेट_फाइलनेम' सरळ 'केळी_तपासणी_अहवाल.पीडीएफ' असं देतं. ते नाव जसंच्या तसं डिस्कवर लिहू नका. बाहेरून आलेल्या नावात तिरपी रेघ असली तर फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊ शकते, म्हणून नावाआधी यूआयडी लावा आणि रेघा काढून टाका.

राहिली लायब्ररी. आयमॅपलिब पायथॉनबरोबरच येते, 1997 साली लिहिलेली आहे आणि भरवशाची आहे. पण ती सर्व्हरचं उत्तर जवळजवळ कच्चंच हातात ठेवते. रोजच्या कामाला मी आयमॅपक्लायंट घेतो. तीही ओपन सोर्स आहे, मुळापासून यूआयडीवर चालते आणि उत्तर नीट उलगडून देते. तारखेचंही तसंच. सर्व्हरला '5-जॅन-2025' अशी इंग्रजी महिन्याचीच तारीख लागते. आयमॅपक्लायंटला पायथॉनची तारीख दिली की पुढचं ती बघते. जोडणी करताना 993 हा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा आकडा) आणि टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) दोन्ही द्या. टाइमआउट नसेल आणि मोबाइलचं नेट मध्येच गेलं, तर प्रोग्रॅम रात्रभर तसाच ताटकळत बसेल.

आणि ताई, पासवर्ड प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहू नका. अशा फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात, मी स्वतः पाहिल्या आहेत. जीमेल असेल तर दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढा आणि तो कॉम्प्युटरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलीबाहेरच्या सेटिंगमध्ये, ठेवा. कामावरचा माणूस बदलला की तेवढाच रद्द करता येतो.

प्रश्न : मी शिरपूरला शिकतो. अशी लायब्ररी वापरून जिनिंगवाल्यांना प्रोग्रॅम करून दिला आणि पैसे घेतले तर चालेल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : चालेल, आणि पैसे अवश्य घ्या. आयमॅपक्लायंट बीएसडी परवान्याखाली आहे. कामाचे पैसे घ्यायला तिथे आडकाठी नाही, तुमचा स्वतःचा कोड उघड करण्याची सक्तीही नाही. लायब्ररी प्रोग्रॅमसोबत देताना तिचा परवाना आणि कर्त्यांची नोंद मात्र जशीच्या तशी ठेवायची. जीपीएल या दुसऱ्या परवान्याखालचा भाग घेतलात तर अट वेगळी. प्रोग्रॅम ज्याला द्याल त्याला त्याच परवान्याखाली कोडही द्यावा लागतो. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रत्येक लायब्ररीचा परवाना उघडून वाचा. आणि वापरताना खरोखर चूक सापडली तर ती नेमकी कशी घडते हे चार ओळींत लिहून कर्त्यांना कळवा. फुकट मिळालेल्या कामाची ती रास्त परतफेड आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर माझं कॉलेजचं मेल खातं बंद होणार आहे. वर्षानुवर्षांचा विद्यार्थ्यांशी झालेला पत्रव्यवहार त्यात आहे. तो कसा वाचवू? प्रोग्रॅमिंग येत नाही.
— एक प्राध्यापक, अमळनेर

उत्तर : सर, आजच सुरुवात करा. थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम टाका, खातं आयमॅपने जोडा आणि एकेक फोल्डर 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा. पॉप3 ही मेल उतरवण्याची दुसरी पद्धत निवडू नका, त्यात सहसा फक्त इनबॉक्स येतो आणि तुम्ही विद्यार्थ्यांना लिहिलेली उत्तरं मागेच राहतात. मेलची पीडीएफ करण्यापेक्षा मेल मूळ रूपातच ठेवा, म्हणजे तारखा आणि जोडलेल्या फाइली शाबूत राहतील. कॉपी झाल्यावर नेट बंद करून 'सेंट'मधली जुनी दोन-चार पत्रं, त्यांना जोडलेल्या फाइलींसकट, उघडून बघा. ती उघडली तरच खातं बंद करायला संमती द्या.