म्युनिकचा नाताळ: बाजार 24 ला दुपारीच उठतो

‘ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून म्युनिकला आलो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. सासू-सासरे 20 डिसेंबरला तीन आठवड्यांसाठी येतायत, परदेशात पहिल्यांदाच. दोघंही शाकाहारी आहेत आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात. 24 आणि 25 ला त्यांना नाताळचे बाजार, रोषणाई सगळं दाखवायचं ठरवलंय. कुठे कुठे न्यावं?’

ताई, सगळ्यात आधी तारीख बदला. 24 च्या संध्याकाळी दाखवण्यासारखं म्युनिकच्या रस्त्यांवर काही उरत नाही. मारिएनप्लाट्झ या मुख्य चौकातला बाजार त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास उठतो आणि इतर काही बाजार तर त्याच्या एक-दोन दिवस आधीच आवरलेले असतात. आपल्या डोक्यात सण म्हणजे लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ असते: रस्ते फुललेले, दुकानं उघडी, फटाके. इथे उलट आहे. चार आठवडे सगळं शहर बाहेर असतं आणि 24 ला दिवेलागणीला दारं लावून घरात शिरतं.

हे मी पहिल्या वर्षी अनुभवातून शिकले. 24 ला संध्याकाळी पाच वाजता दोन्ही मुलांना गरम कपड्यांत गुंडाळून मारिएनप्लाट्झला घेऊन गेले. चौकात अंधार, फळ्या लावलेल्या टपऱ्या आणि बोचरा वारा. धाकटा विचारत राहिला, ‘आई, नाताळ कुठेय?’ घरी परतलो तर दूधही नव्हतं, दुकानं दुपारीच बंद झाली होती. त्या रात्री खिचडी केली, पण मुलांचे हिरमुसलेले चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

वाणसामानाचं आताच लिहून ठेवा, कारण 2026 चं कॅलेंडर जरा अवघड आहे. बायर्न म्हणजे आपल्या बव्हेरिया राज्यात 24 डिसेंबरला दुकानं दुपारी दोनला बंद होतात आणि 25, 26 सुट्टी असते. यंदा 24 गुरुवारी, 25 शुक्रवारी, 26 शनिवारी आणि 27 ला रविवार, म्हणजे पुन्हा बंद. गुरुवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत दूध, दही, कोथिंबीर, भाजी, सगळं घरात हवं. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं उघडी असतात, पण चार दिवस त्यांच्या भरवशावर काढू नका. सासऱ्यांच्या गोळ्या जास्तीच्या आणायला सांगा आणि दोघांचा प्रवासी विमा निघण्याआधी काढा. सुट्टीत डॉक्टर लागलाच तर 116117 आणि जीवावरचं काही असेल तर 112, हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता बाजार. सासू-सासरे रविवारी येणार, तेव्हा सोमवार ते बुधवार, 21 ते 23, हे तीन दिवस तुमचे. एका दिवशी एकच बाजार करा. साडेतीनच्या सुमारास पोचा. साडेचारला अंधार पडतो, तेव्हा दिवे उजळताना दिसतील आणि ऑफिसं सुटून गर्दी व्हायच्या आत तुमचं फिरून झालेलं असेल. मारिएनप्लाट्झच्या स्टेशनात लिफ्ट आहे, ती थेट चौकात आणते. समोर नव्या टाउनहॉलपुढे उंच सूचिपर्णी झाड उभं असतं, ते दरवर्षी एखादं वेगळं गाव शहराला भेट देतं. साडेपाचला टाउनहॉलच्या सज्जातून गाणं-वाजवणं होतं. तेवढं ऐका आणि निघा. तिकीट प्रत्येकाचं वेगळं काढू नका, गटाचं दिवसभराचं तिकीट घ्या. ते पाच मोठ्या माणसांपर्यंत चालतं आणि त्यात 6 ते 14 वर्षांची दोन मुलं मिळून एक मोठा धरतात.

पायांची काळजी सगळ्यात जास्त घ्या, थंडी फरशीतून वर चढते. पुण्यातले स्पोर्ट्स शूज इथे अर्ध्या तासात गारठतात. आजी-आजोबांसाठी जाड तळव्याचे बूट आणि लोकरी मोजे आधीच आणून ठेवा. आजोबांना उभं राहणं जमत नसेल तर सेंडलिंगर टोरच्या स्टॉपवरून आडव्हेंटच्या दिवसांत (नाताळाआधीचे चार रविवार धरून येणारे आठवडे) नाताळची सजवलेली ट्राम निघते. अर्ध्या तासाची फेरी, खिडकीशी बसून शहर बघायचं. ती रोजच असते असं धरू नका, आधी वेळापत्रक बघा.

खाण्याचं. ग्लूवाइन म्हणजे दालचिनी-लवंग घालून गरम केलेली वाइन. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी किंडरपुन्श मागा, त्यात दारू नसते. पेल्याचं डिपॉझिट घेतात. पेला परत केला की पैसे मिळतात, नाहीतर आठवण म्हणून घरी न्यायचा. आमच्या घरी दर वर्षाचा एक अशी रांग झालीय आणि मुलं त्यातच दूध पितात. शाकाहारी माणसांनी राइबरडाची घ्यावेत, हे किसलेल्या बटाट्याचे तळलेले कुरकुरीत थालीपीठ, सफरचंदाच्या चटणीबरोबर. त्यात बहुतेक अंडं असतं, सासूबाईंना चालत नसेल तर विचारून घ्या. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले गरम बदाम निर्धास्त खावेत. फसवणारे पदार्थ वेगळेच आहेत. बटाट्याच्या सूपात बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं, लाल कोबी आणि आंबवलेल्या कोबीत चरबी किंवा बेकनचे तुकडे आणि मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन. टेरेझीएनवीझं मैदानावर टोलवुड नावाचा हिवाळी महोत्सव भरतो. तिथलं खाणं सेंद्रिय असतं आणि शाकाहारी माणसाला भरपूर निवड मिळते. एक संध्याकाळ तिथे जेवून या.

पण ताई, खरं सांगू का, म्युनिकचा नाताळ बाजारात जेवढा आहे त्याच्या दुप्पट वाट बघण्यात आहे, आणि ती वाट तुमची मुलं नोव्हेंबरअखेरपासूनच बघायला लागतील. पहिला आडव्हेंट 29 नोव्हेंबरला आहे. त्या रविवारी चार मेणबत्त्यांच्या चक्रातली पहिली लावायची, पुढच्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. हे मला लगेच आपलं वाटलं, कारण आपल्याकडेही याच सुमाराला मार्गशीर्षातले गुरुवार येतात. यंदा 10 डिसेंबरला पहिला गुरुवार आणि 24 डिसेंबर हा तर थेट मार्गशीर्षातला गुरुवारच. सासूबाई महालक्ष्मीचा घट मांडत असतील तर त्या संध्याकाळी तुमच्या घरात काय असेल हे ठरवायची गरजच नाही. मी घटात पाच झाडांची पानं घालते त्यातलं एक इथल्या स्प्रूसचं असतं. आंब्याची पानं मिळत नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

5 डिसेंबरच्या रात्री मुलांना बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायला सांगा. 6 ला सकाळी त्यात संत निकोलसने ठेवलेली संत्री, अक्रोड, चॉकलेट असतात. यंदा 6 ला रविवार आहे, पण सोमवारी किंडरगार्टनमध्ये दुसरा विषय नसेल, तुमच्या चार वर्षांच्या मुलाकडे सांगायला काही नसलं तर तो दिवसभर गप्प बसेल. आणि भेटी इथे ख्रिस्टकिंड आणतो, बाळ येशू, तोही 24 च्या संध्याकाळी. आपल्या घरी हे कशाला, असं काही आईवडील मला विचारतात. मी म्हणते, एक छोटी भेट द्या आणि खेळात सामील व्हा. आपण आपले सण मुलांना देतोच, हा त्यांच्या मित्रांचा सण आहे. फक्त एक सांभाळा: डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी मारिएनप्लाट्झवर क्राम्पुसची, म्हणजे संत निकोलसच्या सोबतच्या राक्षसाची, फेरी निघते. शिंगं, केसाळ कातडी, घंटा. मोठ्यांना मजा येते, चार वर्षांच्या पोराला रात्री झोप लागत नाही. त्या दिवशी धाकट्याला नेऊ नका.

आजी-आजोबांना ज्या एका जागी न्यावंच असं मला मनापासून वाटतं ती म्हणजे प्रिन्त्सरेगेन्टनश्ट्रासंवरचं बायरिशेस नॅशनलम्युझियम. येशूजन्माच्या देखाव्यांचा तिथे फार मोठा संग्रह आहे. त्यातला बराचसा भाग माक्स श्मेडेरर या म्युनिकच्या बँकरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी देऊन टाकला. आल्प्सच्या आसपासचे आणि इटलीतले देखावे, त्यात बाजार, भाजीवाल्या, पाव विकणारे, उंट घेऊन आलेले राजे. एका नेपोलीच्या देखाव्यात मासेवालीच्या टोपलीतले मासे माझ्या करंगळीच्या नखाएवढे आणि प्रत्येकाला वेगळा डोळा. माझे वडील त्या काचेपुढे वाकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘अगं, हा तर आपला किल्ला.’ आणि खरंच होतं ते. मातीचे मावळे, अळीव पेरून केलेली हिरवळ, आरशाचा तुकडा ठेवून केलेलं तळं. पुण्याच्या वाड्यांत दिवाळीत पोरं जे करतात तेच इथे शेवाळ आणि लाकडाने केलंय. मारिएनप्लाट्झच्याच भागात या बाहुल्यांचा स्वतंत्र बाजारही भरतो. तिथून एक मेंढपाळ आणि दोन मेंढ्या घ्या आणि आजोबांनाच मुलांबरोबर देखावा मांडायला बसवा. वसईच्या किंवा गोव्याच्या ओळखीच्यांशी बोललात तर तेही सांगतील, त्यांच्याकडे नाताळला गोठा असाच घरोघर मांडतात.

आकाशकंदील उतरवलात का? उतरवला असेल तर पुन्हा खिडकीत लावा. इथे डिसेंबरभर खिडक्यांत कागदी चांदण्या दिसतील. त्यांतली टोकदार हेर्नहूटची चांदणी सॅक्सनीतली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमिती शिकवता शिकवता ती जन्मली. तुमचा कंदील शेजाऱ्यांना मुळीच परका वाटणार नाही.

24 च्या दुपारी तीन-चारच्या सुमारास बहुतेक वस्त्यांमधल्या चर्चमध्ये लहान मुलांसाठी प्रार्थना असते आणि शाळकरी पोरं येशूजन्माचं नाटुकलं करतात. कोणीही जाऊन मागे बसू शकतं. तासाभरात संपतं. तिथून घरी आलात की अंधार पडलेला असेल, घट मांडा, मेणबत्त्या लावा, पुरणपोळी किंवा जे ठरलं असेल ते करा. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांची बेल न बोलावता वाजवू नका, ती वेळ घरच्यांची असते. भेटीगाठी 26 ला. कोणी जेवायला बोलावलंच तर शाकाहाराचं आधी कळवा. पद्धतीचा बेत सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड हा असतो, आणि बायर्नमध्ये त्या सॅलडमध्येही मांसाचा रस्सा घालतात.

शेजाऱ्यांना द्यायला व्हानिलेकिप्फर्ल करा. यात अंडं लागत नाही आणि चव नानकटाईच्या जवळची. 280 ग्रॅम मैदा, 210 ग्रॅम गार लोणी, 100 ग्रॅम बदामाची पूड, 70 ग्रॅम साखर. हलक्या हाताने गोळा करायचा, अर्धा तास फ्रिजमध्ये. मग मुलांनी बोटाएवढ्या वळकट्या करून त्यांना चंद्रकोरीसारखा बाक द्यायचा, 175 अंशांवर दहा-बारा मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या हात लावलात तर मोडतात, पूर्ण गार झाल्या तर साखर चिकटत नाही. कोमट असतानाच व्हॅनिलाची पिठीसाखर भुरभुरवायची. सासूबाईंना करंज्या वळायची सवय असणार, त्यांच्या हातच्या कोरी बघत राहाव्यात अशा होतील. देताना सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी नाही ना, तेवढं विचारा.

25 आणि 26 ला घरात बसून कंटाळलात तर हेलाब्रुनचं प्राणीसंग्रहालय वर्षाचे 365 दिवस उघडं असतं. नाहीतर निम्फेनबुर्गच्या बागेत फेरी मारा. थंडी कडक पडली आणि कालवा गोठला तर लोक त्यावर स्केटिंग करताना दिसतील.

न्युर्नबर्गबद्दल थोडंसं. तिथला बाजार 27 नोव्हेंबरच्या शुक्रवारी सुरू होतो. ख्रिस्टकिंड झालेली, सोनेरी केसांची, मुकुट घातलेली मुलगी फ्राउएनकिर्खं या चर्चच्या सज्जातून स्वागताचे शब्द म्हणते. दर दोन वर्षांनी नवी मुलगी निवडतात. 2019 मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले होते. त्यावरून काहींनी वाईटसाईट लिहिलं, तेव्हा शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं. तुमच्या मुलीला ही गोष्ट नक्की सांगा. लोकल गाड्यांनी बायर्न-तिकिटावर आरामात जाऊन येता येतं, आणि तिथे मुलांसाठी वेगळा बाजार आहे.

6 जानेवारीला पुन्हा सुट्टी, दुकानं बंद. त्या दिवसांत राजांचे मुकुट घातलेली तीन-चार मुलं दारी येऊन गातात, खडूने दारावर वर्ष आणि सी-एम-बी ही अक्षरं लिहितात आणि जगातल्या गरजू मुलांसाठी डबा पुढे करतात. दार उघडा, चार नाणी टाका आणि व्हानिलेकिप्फर्ल उरली असतील तर तीही द्या.

आणि ताई, एक काम 4 डिसेंबरचं, विसरू नका. तो संत बार्बराचा दिवस. चेरीच्या फांद्या तोडून कोमट पाण्यात ठेवायच्या, की नाताळाच्या सुमाराला घरात फुलतात. अंगणातलं झाड घरमालकाचं असेल तर विचारून तोडा, नाहीतर फुलवाल्याकडे मिळतात. तोवर गोठवणारी थंडी पडली नसेल तर फांद्या एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा, थंडी लागल्याशिवाय कळी उघडत नाही. दर तीन दिवसांनी पाणी बदला. सासूबाई येतील तेव्हा कळ्या फुगलेल्या असतील. दोन फांद्या जास्तच ठेवा, एखादी सुकते.