तोळामासा रॉड?

प्रश्न असा आलाय. जपानमधे ओत्सुला, म्हणजे बिवा तळ्याच्या काठीच राहणारा एक मराठी माणूस बास माशासाठी रॉड, म्हणजे गळाची काठी, घ्यायला निघालाय. मेगाबासचा डिस्ट्रॉयर, एव्हरग्रीनचा कॉम्बॅट स्टिक आणि दाइवाचा स्टीझ, तिन्ही पन्नास हजार येनच्या आसपास किंवा वर. मित्रांसाठी त्याने मराठीत तुलना लिहिली, त्यात ल्युअर रेटिंगला (रॉडने किती वजनाचं ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, फेकता येतं ते सांगणारे आकडे) 'आमिषक्षमता' म्हटलं आणि एका हलक्या रॉडबद्दल 'हा अगदी तोळामासा आहे' असं लिहिलं. आता विचारतोय की आमिषक्षमता बरोबर आहे का, आणि दोन रॉडवर वरचा आकडा १ औंसच असताना ते हातात इतके वेगळे का लागतात.

रॉडचं बघू नंतर. आधी तोळामासा.

हा शब्द 'हलका' या अर्थाने वापरायची साथच आलीय. मोबाइल तोळामासा, चप्पल तोळामासा, आता रॉड तोळामासा. अरे बाबा, तोळामासा प्रकृतीची असते! आज बरं, उद्या अंथरुणात, परवा पुन्हा पोहे खाऊन फिरायला. त्याच्याच शेजारी 'क्षणात तोळा क्षणात मासा' बसलेलं आहे ते ऐकत नाही का कोणी? अर्थ वजन कमी असण्याचा नाही, अस्थिर असण्याचा आहे. काही जाणकार सांगतात की नाजूक माणसाचं वजनच जणू तोळाभर-मासाभर म्हणून तोळामासा. मला हे साफ अमान्य आहे. माझं मत असं की हा शब्द सोनाराच्या काट्यावरून आलाय, वजनावरून नाही. तो काटा इतका हळवा की फुंकर लागली तरी पारडं हलतं, तोळ्याकडे झुकलं म्हणेपर्यंत माशाकडे. ज्यांना पटत नाही त्यांनी 'क्षणात तोळा क्षणात मासा' मधल्या 'क्षणात'चं काय करायचं ते सांगावं, वजनाच्या गोष्टीत क्षण कशाला येईल.

आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या ग्रुपवर ही तुलना टाकली तिथे कोणीतरी लिहिलं, 'मासेमारीचा रॉड म्हणून तोळा-मासा, भारी शब्दखेळ!' आणि खाली वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. यातला मासा म्हणजे फिश नव्हे हो. फिशवाला मासा संस्कृत मत्स्यापासून, आणि वजनाचा मासा 'माष' पासून, माष म्हणजे उडीद. हिंदीत ते दोन वेगळेच राहिले, मछली आणि माशा, आपल्याकडे बोलता बोलता झिजून एकाच साच्यात बसले. ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा, हे आजोबांच्या पिढीला पाढ्यासारखं पाठ होतं. आता मासा जवळपास ग्रॅमभराचा आणि उडदाचा दाणा काही तेवढा भरत नाही हे मलाही कळतं, तेव्हा कोणी तो मुद्दा काढू नये. मनुस्मृतीतल्या कोष्टकात सुद्धा सोन्याचा माष पाच गुंजांचा आहे आणि सोळा माषांचा एक सुवर्ण. म्हणजे दाण्याचं नाव तेवढं राहिलं आणि वजन केव्हाच पुढे निघून गेलं.

पण मला खरी गंमत वाटते ती बारा या आकड्याची, आणि ती तुमच्या त्या रॉडवरच छापलेली आहे.

औंस हा शब्द लॅटिन 'उन्किया' वरून आला. उन्किया म्हणजे बारावा भाग. कशाचाही. रोमन पौंडाचा बारावा भाग उन्किया, आणि रोमन फुटाचा बारावा भाग पण उन्कियाच. पहिल्याचा झाला औंस, दुसऱ्याचा झाला इंच. आता डिस्ट्रॉयर असो की स्टीझ, मुठीच्या वर जे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा, लांबी फूट-इंचात आणि ल्युअरचं वजन औंसात. म्हणजे एकच शब्द दोन वेगळे कपडे घालून एकाच काठीवर बसलाय, आणि इकडे आपला मासा, तोळ्याचा बारावा भाग! अर्थाने बघितलं तर औंसाचं मराठी भाषांतर 'मासा' हेच. (बास मोजायच्या आजच्या पौंडात औंस सोळा असतात, बारा नाहीत, माहितीय मला. मनूच्या सुवर्णात माष पण सोळाच होते.)

बरं, योगायोग इथे संपत नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून मासा ०.९७ ग्रॅम, जवळपास १ ग्रॅमच. म्हणजे पाव औंसाचा ल्युअर, ज्यावर जपानी लोक ७ ग्रॅम लिहितात, तो साधारण सात माशांचा. मेगाबासचा व्हिजन वनटेन हा ल्युअर अर्धा औंस, म्हणजे साडेचौदा मासे. आणि गॅन क्राफ्टचा जॉइंटेड क्लॉ १७८ जो दोन औंसाच्या वर्गातला आहे, तो जवळजवळ पाच तोळे. पाच तोळे म्हटल्यावर घरात लगेच कळतं किती ते, दोन औंस म्हटलं तर कोणी मान वर करत नाही.

आता आमिष. माझ्या मते इथे आमिषक्षमतावाले दोनदा चुकतात. आमिष म्हणजे मुळात मांस. म्हणून तर सामिष आणि निरामिष. गळाला जे लावायचं ते मांसाचा तुकडा, म्हणून आमिष, आणि मग लाच-लुचपतीपर्यंत त्याचा अर्थ पसरला. ल्युअर हा मांसाचा नसतोच, प्लास्टिकचा, लाकडाचा, शिशाचा, रबराचा. म्हणजे 'निरामिष आमिष'! ल्युअर शब्द आलाय फ्रेंचमधून आणि तो ससाण्यांच्या खेळातला आहे, दोरीला पिसांचा गुच्छ बांधून गरगर फिरवायचा म्हणजे उडालेला ससाणा परत येतो, तो गुच्छ म्हणजे ल्युअर. मासा तर तेव्हा चित्रातच नव्हता. एका विद्वानांनी मला ल्युअर आणि लालूच एकाच धातूतून आले असं ठासून सांगितलं होतं, दोन्हीत ल आहे हा त्यांचा पुरावा. मग लाडू पण त्यातच घ्या की.

जपानी लोकांनी हा गुंता बघा किती सहज सोडवलाय. त्यांच्याकडे 'गिजिए' असा छान शब्द आहे, अर्थ 'खोटं खाद्य', आणि तरी सगळे 'रुआ' म्हणतात, म्हणजे ल्युअरच. खरं खाद्य ते 'एसा'. ही वेगळी नावं उपयोगाची पण आहेत, कारण २ जुलै २००९ ला बिवा तळ्यातच मानाबु कुरिता यांनी जो २२ पौंड ४ औंसाचा बास धरला, तो कुठल्या महागड्या ल्युअरवर नाही तर जिवंत ब्लूगिल या छोट्या माशावर आला होता. संपूर्ण सामिष मामला. जॉर्ज पेरी यांचा अमेरिकेतल्या जॉर्जियातला १९३२ चा सर्वांत मोठ्या बासचा विक्रम तेवढाच होता. कुरितांचा मासा खरं तर जवळपास एका औंसाने जास्तच भरला होता, पण २५ पौंडाखालच्या माशाला जुना विक्रम मोडायचा तर किमान २ औंस जास्त लागतात असा नियम, म्हणून बरोबरी धरली गेली. बारावा भाग म्हणून हिणवू नका, सत्त्याहत्तर वर्षांचा विक्रम त्याच्यावर अडला!

तर क्षमता. ही दुसरी चूक आणि इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण आहे. क्षमता म्हणजे वरची मर्यादा, लिफ्टची क्षमता सहा माणसं, पाच गेली तरी चालतं, एक गेला तरी चालतं. रॉडचं तसं नसतं. तिथे दोन आकडे असतात, समजा पाव ते १ औंस, आणि त्यातला खालचा आकडा पण तेवढाच महत्त्वाचा. ल्युअर फेकताना त्याच्या वजनाने रॉड मागे वाकतो आणि सुटताना तोच वाक ल्युअरला पुढे ढकलतो. वजन कमी पडलं तर रॉड वाकतच नाही, मग नुसत्या मनगटाच्या जोरावर फेकायचं, एक फेक लांब जाते, पुढची पायाशी पडते. जास्त झालं तर रॉड पार दमतो, नेम जातो, आणि अगदी अती केलं तर मोडतो. म्हणून क्षमता नाही, 'पल्ला' म्हणा. वजनपल्ला. पल्ला म्हणजे इथून तिथपर्यंत, आणि हेही एकेकाळी आपलं वजनाचंच माप होतं, धान्याचं. जर्मन लोक रॉडवर 'फेकवजन' अशा अर्थाचा शब्द छापतात, तोही वाईट नाही. पण एका खरेदीच्या साइटवर मी 'लालूच दर्जा' असं भाषांतर वाचलंय, त्यापेक्षा सरळ ल्युअर रेटिंग म्हणा, आकाश कोसळत नाही.

आता दोन १ औंसवाले वेगळे का. कारण तो आकडा कुठल्या एका प्रमाण चाचणीतून येत नाही, प्रत्येक कंपनी आपल्या अंदाजाने आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या सवयीने ठरवते. रॉडचा कडकपणा सांगणाऱ्या एम (मीडियम), एमएच (मीडियम हेवी) या अक्षरांचंही तेच, एका कंपनीचा एम दुसरीच्या एमएलच्या (मीडियम लाइट) जवळ जाऊ शकतो. मग रॉड वाकतो कुठे हेही बघावं लागतं. नुसता शेंडा वाकणारा फास्ट रॉड आणि मधल्या भागापर्यंत वाकणारा रेग्युलर रॉड, दोघांवर १ औंसच लिहिलेलं असलं तरी दुसरा खालच्या वजनालाही वाकतो, म्हणून तो हातात मऊ लागतो. दाइवाच्या मॉडेल नंबरात हे लिहिलेलंच असतं, ६१०१एमएचएफबी म्हणजे ६ फूट १० इंच, एका तुकड्याचा, एमएच, फास्ट, बेट रीलचा (दोऱ्याची ही चकरी काठीच्या वरच्या बाजूला बसते). (सहा-दहा आहे ते, ६.१ फूट नाही, हे पण लोक वाचतात तसं.) आणि वजन धरायचं ते टोकाला जे जे लटकतंय त्या सगळ्याचं. अर्ध्या औंसाच्या जिगला (जड डोक्याच्या ल्युअरला) रबराचा ट्रेलर, म्हणजे शेपटी, लावला की एकूण पाऊण औंसाकडे जातं, आणि लोक म्हणतात कंपनीने फसवलं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. बासचे रॉड औंसात बोलतात कारण हा खेळच अमेरिकेतून आला, १९२५ मधे तेत्सुमा आकाबोशी यांनी हाकोनेच्या आशी तळ्यात बास सोडला तेव्हापासून. पण जपानी कंपन्यांच्या समुद्रातल्या काही रॉडवर मीटर असतात आणि शिशाचं वजन 'गो' मधे. १ गो म्हणजे १ मोम्मे, ३.७५ ग्रॅम, मोत्यांच्या व्यापारात मोम्मे अजून चालतो. आठवा भाग औंस म्हणजे ३.५ ग्रॅम, त्यामुळे एक-दोन गोपर्यंत फरक कळत नाही, पण ३० गो म्हणजे ११२ ग्रॅम झाले की ते ३/८ औंसवाल्या रॉडला लावू नका.

म्हणजे तुमचा रॉड हलका असला तर तो 'हलका' किंवा 'हाताला फुलासारखा'. पण पल्ल्याच्या खालच्या आकड्यापेक्षाही हलका ल्युअर लावून फेकलात आणि एक लांब, एक पायाशी असं व्हायला लागलं, तर मात्र खुशाल तोळामासा म्हणा, माझी परवानगी आहे. आणि घ्यायच्या आधी आपले नेहमीचे पाच-सहा ल्युअर हुक-ट्रेलरसकट एका छोट्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या, ज्या रॉडच्या पल्ल्याच्या मधोमध ते बसतील तो घ्या, नावावर जाऊ नका. काटा बरोबर आहे का ते बघायला खिशातलं पाच येनचं नाणं ठेवा, नवं असेल तर बरोबर ३.७५ भरेल, एक मोम्मे.