व्हिडिओ कॉलनंतर दोनदा पैसे दिले, आता 'इन्स्पेक्टर' फोन करतोय

प्रश्न थोडक्यात: अनोळखी मुलीची रिक्वेस्ट, दोन दिवस गप्पा, रात्री व्हिडिओ कॉल, आणि कॉल संपल्यावर पाच मिनिटांत स्वतःचंच रेकॉर्डिंग, सोबत बहीण, मेव्हणे, ऑफिसातले साहेब यांच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट. दोनदा पैसे दिले. आता एक 'सायबर इन्स्पेक्टर' म्हणतोय मुलीने तक्रार केलीय, मिटवायची तर आजच रक्कम टाका. मला अटक होईल का?

अहो, अटक कसली, यात फिर्यादी तुम्ही आहात. दमदाटी करून पैसे उकळणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम 308, सात वर्षांपर्यंत कैद, आणि क्लिप खरंच टाकली तर आयटी अ‍ॅक्टचं 67ए, म्हणजे लैंगिक व्हिडिओ ऑनलाइन टाकण्याबद्दलचं कलम, वेगळं. तो इन्स्पेक्टर त्याच टोळीतला, डीपीला वर्दी लावायला काय लागतं, आणि केस मिटवायला पोलीस यूपीआय आयडी पाठवत नाहीत. मुलगीसुद्धा बहुतेक वेळा नसतेच हो, आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर चालवतात. आठवून बघा, तिचा आवाज येत होता का? तुमचं नाव घेतलं तिने एकदा तरी?

तुम्ही विचारलंय की थोडे पैसे देऊन चार दिवस मागून घेऊ का. नको. पहिलं पेमेंट घाबरून झालं, समजू शकतो, पण दुसऱ्याने त्यांना कळलं की हा देतो, म्हणून तर इन्स्पेक्टर उगवला. 'क्लिप डिलीट करून देतो' म्हणणारे हॅकर भेटतील, त्यांच्याही नादी लागू नका.

आता घाई कुठे करायची ते सांगतो. बरेच जण लाजेने सगळं चॅट उडवून मग माझ्याकडे येतात आणि हातात काहीच उरत नाही. आधी स्क्रीनशॉट घ्या, नंबर दिसला पाहिजे, प्रोफाइलचं नुसतं नाव-फोटो नाही तर लिंकही कॉपी करा, पेमेंटचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून ठेवा, मेसेज आपोआप गायब होत असतील तर दुसऱ्या फोनने फोटो काढा. मग ब्लॉक. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, कारण पैसे पुढे सरकायच्या आत कळलं तर खात्यात अडकवता येतात, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार.

त्याने पाठवलेली क्लिपही ठेवा, नकोशी वाटली तरी. स्टॉपएनसीआयआय या साइटवर त्या क्लिपचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो, व्हिडिओ कुठेही जात नाही, आणि त्यात सामील असलेले प्लॅटफॉर्म तो ठसा जुळला की अपलोड अडवू शकतात. सगळीकडे चालत नाही, पण करून ठेवा. (अठराच्या आतल्यांसाठी टेक इट डाउन ही अशीच सेवा आहे.)

राहिली बहीण. तिला त्याच्याआधी तुम्हीच मेसेज टाका, 'माझ्या नावाने व्हिडिओ आला तर उघडू नकोस, पुढे पाठवू नकोस, पोलिसांत तक्रार दिलीय'. एवढं पुरे, तपशील द्यायची गरज नाही. मेव्हण्यांना काय सांगायचं ते ती बघेल.