न्यूरोडिजनरेशन आणि बिहेवियरल जेनेटिक्ससाठी फॅकल्टी शोधताय? आधी उंदरांच्या वयाचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की विभागाला असिस्टंट प्रोफेसरच्या दोन पोस्ट मंजूर झाल्यात, एक न्यूरोडिजनरेशनची (मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात त्या आजारांची) आणि एक बिहेवियरल जेनेटिक्सची (जीन आणि वर्तनाच्या नात्याची), तुम्ही सर्च कमिटीवर पहिल्यांदाच आहात, आणि जाहिरातीत काय लिहायचं, अर्ज कसे चाळायचे, आणि चांगला उमेदवार शेवटच्या क्षणी दुसरीकडे जातो त्याचं काय करायचं हे तुम्हाला हवंय. मी बरीच वर्षं अशा कमिट्यांवर काम करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं मुख्य म्हणणं एकच आहे. या दोन्ही क्षेत्रांत काम हळू होतं कारण प्राणी म्हातारा व्हायला वेळ लागतो आणि वर्तन मोजायला शांतता लागते, आणि आपल्या भरतीच्या सगळ्या सवयी मात्र भरभर डेटा देणाऱ्या लॅब बघून पडलेल्या आहेत. जाहिरात, मुलाखत, ऑफर लेटर, प्रत्येक ठिकाणी हा वेळ धरून चाला, नाहीतर उत्तम माणूस आणूनही तो चौथ्या वर्षी हात हलवत बसलेला दिसेल आणि दोष त्याच्यावर येईल.

साधा हिशोब मांडते. माणूस जॉईन झाला की खोली तयार होणं आणि अ‍ॅनिमल एथिक्सची परवानगी यात सहा महिने सहज जातात. मग त्याच्या जुन्या लॅबमधून उंदीर आणायचे, तर ते थेट आत घेत नाहीत, क्वारंटाइन असतं, बऱ्याच ठिकाणी भ्रूण काढून निरोगी मादीत वाढवून लाइन (ठरावीक जीन-बदल असलेल्या उंदरांचा वंश) नव्याने उभी करतात, मग कॉलनी वाढवायची, की गेले अजून सहा महिने. दोन लाइन्सचा क्रॉस हवा असेल तर तीन आठवडे गर्भाचे आणि सहा ते आठ आठवडे पिल्लं वयात यायला, म्हणजे पिढीमागे जवळजवळ तीन महिने, दोन पिढ्यांचे सहा. आणि मग कुठे खरा प्रयोग सुरू होतो, कारण प्रश्न म्हातारपणाचा असेल तर उंदीर १८ महिन्यांचा तरी व्हायला हवा. झाली ना तीन वर्षं! टेन्युअरची (कायम नेमणुकीची) पद्धत आहे तिथे साधारण सहाव्या वर्षी फाइल जाते, त्याआधी पेपर छापून यायला हवा आणि मोठी ग्रँट तर त्याच्याही आधी हवी, म्हणजे या माणसाला चुकायला जागाच नाही. हे गणित जाहिरात काढायच्या आधी कमिटीत फळ्यावर लिहून सगळ्यांना दाखवा, विशेषतः ज्यांची स्वतःची कामं पेशींवर चालतात त्यांना.

यातून अर्ज चाळायचा पहिला निकष मिळतो: उमेदवाराकडे हळू प्रश्नासोबत एखादं वेगवान मॉडेल, म्हणजे लवकर निकाल देणारा प्रयोगाचा प्राणी, आहे का. फळमाशी दोन-तीन महिने जगते, सी. एलेगन्स नावाचा कृमी दोन-तीन आठवडे, एसओडी१ जीनमधलं म्युटेशन घातलेला एएलएसचा (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरतात त्या आजाराचा) प्रसिद्ध उंदीर बहुधा चार-पाच महिन्यांत जातो, अल्झायमरच्या फाइव्ह-एक्स-एफएडी उंदरात अमायलॉइड (मेंदूत गोळा होणारं प्रोटीन) दोन महिन्यांच्या वयापासूनच साचायला लागतं. पण इथे एक धोका आहे, वेगवान मॉडेल वेगवान असतं कारण त्यात काहीतरी अतिरेकी केलेलं असतं. फाइव्ह-एक्स-एफएडीमध्ये एपीपी जीनची तीन आणि प्रिसेनिलिनची दोन अशी पाच म्युटेशन्स एकत्र घातलीत, एवढं ओझं कुठल्याच पेशंटमध्ये नसतं. जो उमेदवार आपल्या मॉडेलमध्ये काय दिसत नाही हे न विचारता सांगतो त्याला मी नेहमी वरच्या गठ्ठ्यात ठेवते.

आता जाहिरात. न्यूरोडिजनरेशनचं एक वेळ निभतं, पण बिहेवियरल जेनेटिक्स एवढंच लिहिलंत तर दोन पूर्ण वेगळ्या घराण्यांचे लोक अर्ज करतील. एक घराणं सीमोर बेंझर यांचं, म्हणजे माशी किंवा उंदीर घ्यायचा, एक जीन बिघडवायचा आणि वर्तनात काय बदललं ते बघायचं. कोनोप्का आणि बेंझर यांनी १९७१ मध्ये माशीचा पिरियड जीन शोधला तो असाच, आणि त्या धाग्यावर पुढे काम करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. दुसरं घराणं जुळ्यांच्या अभ्यासाचं आणि लाखो माणसांच्या जीनोमवर आकडेमोड करणाऱ्यांचं, यूके बायोबँकसारखा पाच लाख लोकांचा डेटा हेच त्यांचं अ‍ॅनिमल हाऊस. पहिल्याला खोल्या, इन्क्युबेटर, टेक्निशियन लागतात, दुसऱ्याला कम्प्युटिंग, सुरक्षित सर्व्हर आणि डेटा वापरायच्या करारावर पटकन सही करणारं ऑफिस. दोघांना एकाच यादीत उभं करून तुलना केली की दोघांवरही अन्याय होतो, आणि कमिटी शेवटी ज्याचे पेपर जास्त त्याच्याकडे झुकते. कुठलं घराणं हवंय ते आधी ठरवा आणि जाहिरातीत सरळ लिहा. आवश्यक पात्रतेची यादी मात्र छोटी ठेवा, दहा-बारा अटी घातल्या की चांगले पण काटेकोर लोक एखादी अट बसत नाही म्हणून अर्जच करत नाहीत.

आणि दोन्ही पोस्टचा विचार एकत्र करा, हे मला फार मनापासून सांगायचंय. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात हालचाली बिघडायच्या कितीतरी आधी मूड आणि स्वभाव बदलू शकतो, पार्किन्सनच्या बऱ्याच रुग्णांमध्ये आधीची वर्षानुवर्षं झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडण्याचा त्रास असतो. म्हणजे पेशी मरताना दिसायच्या आधीच वर्तन काहीतरी सांगत असतं, आणि ते वाचणारा माणूस तुम्ही शेजारच्याच खोलीत आणू शकताय. माशीच्या झोपेवर काम करणारी एक आणि अल्झायमरमध्ये पेशींत साचणाऱ्या टाऊ प्रोटीनवर काम करणारा एक अशी जोडी पहिल्या वर्षापासून एकत्र ग्रँट लिहू शकते. दोन वेगळ्या कमिट्या दोन वेगळे लोक आणून बसवतात तेव्हा हे होत नाही, म्हणून निदान दोन सभासद तरी दोन्ही कमिट्यांवर सारखे असू द्या आणि शॉर्टलिस्ट शेजारी शेजारी ठेवून वाचा.

पेपर मोजण्याबद्दल. हंटिंग्टनचा जीन १९९३ मध्ये सापडला तेव्हा तो पेपर एका व्यक्तीच्या नावावर नव्हताच, लेखकाच्या जागी हंटिंग्टन्स डिसीज कोलॅबोरेटिव्ह रिसर्च ग्रुप असं गटाचं नाव होतं. फर्स्ट ऑथर मोजणाऱ्या कमिटीने त्यातल्या प्रत्येकाला शून्य दिलं असतं. मानवी जेनेटिक्समध्ये आजही शेकडो लेखकांचे पेपर येतात, तेव्हा मधल्या नावावर काट मारू नका, उमेदवारालाच विचारा की यातलं तुमचं काम नेमकं कुठलं, कोड तुम्ही लिहिला का, फेनोटाइपची (मोजायच्या लक्षणाची) व्याख्या कोणी ठरवली. खरं काम केलेला माणूस यावर पंधरा मिनिटं न थांबता बोलतो. निकषांचा तक्ता अर्ज उघडायच्या आधी बनवा, नंतर बनवलात तर तो आवडलेल्या उमेदवाराच्या मापाचा होतो.

कामाचा काटेकोरपणा तपासणं या दोन विषयांत जास्त गरजेचं आहे कारण दोन्हीकडे ठेच लागलेली आहे. अल्झायमरमधल्या एका विशिष्ट अमायलॉइड स्वरूपावरचा नेचरमधला २००६ चा गाजलेला पेपर चित्रांमधल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. वर्तनाच्या बाजूला सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर जीन आणि डिप्रेशनवर २००३ नंतर ढीगभर पेपर आले, आणि २०१९ मध्ये खूप मोठ्या डेटावर डिप्रेशनचे १८ नावाजलेले कँडिडेट (आधीपासून संशय असलेले) जीन्स तपासले तर त्यांना वेगळं महत्त्व द्यावं असं काहीच हाती लागलं नाही. उमेदवाराला विचारा की या प्रकरणांनंतर तुम्ही तुमच्या कामात काय बदललंत. ब्लाइंडिंग (कुठला प्राणी कुठल्या गटातला हे मोजणाऱ्यापासून लपवणं) कोण करतं, सॅम्पल साइज कधी ठरतो, नर आणि मादी दोन्ही वापरता का, नकारात्मक निकालाचं काय करता, हे सगळं चॉक टॉकमध्ये, म्हणजे फळ्यासमोर आपलं काम समजावून सांगायच्या मुलाखतीत, निघालं पाहिजे. मानवी बिहेवियरल जेनेटिक्सवाला असेल तर युरोपियन वंशाच्या डेटावर बनवलेले पॉलिजेनिक स्कोर (अनेक जीन्सच्या परिणामांची बेरीज) इतर लोकसमूहांत कमी चालतात याबद्दल तो काय म्हणतो तेही ऐका, आणि बुद्धिमत्ता किंवा वंशाबद्दल पत्रकाराने फोन केला तर तो काय बोलेल हेही. या विषयाला युजेनिक्सचा ('चांगल्या' वंशाची माणसं घडवायच्या विचाराचा) इतिहास आहे, विद्यार्थ्यांसमोर तो कसा मांडायचा हे शिकवणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

एक चॉक टॉक सांगते. उमेदवार वॉटर मेझचा डेटा दाखवत होती, म्हणजे पाण्याच्या गोल टाकीत लपवलेला प्लॅटफॉर्म उंदीर भिंतीवरच्या खुणा बघून शोधतो ती टेस्ट. तिला विचारलं की तुमची लाइन एसजेएल जातीशी क्रॉस केलेली, मग यातले काही उंदीर आंधळे असणार ना? एसजेएलमध्ये आरडी१ नावाचं म्युटेशन असतं, त्याच्या दोन प्रती मिळाल्या की रेटिना लवकर जातो, आणि आंधळा उंदीर प्लॅटफॉर्म शोधू शकला नाही तर त्याला स्मृतिभ्रंश म्हणता येत नाही. ती वळली, फळ्यावर क्रॉस काढला, कुठल्या पिढीत आरडी१ चं जीनोटायपिंग केलं ते दाखवलं, किती प्राणी त्यामुळे बाद केले ते लिहिलं आणि प्लॅटफॉर्म दिसत असताना घेतलेल्या कंट्रोल टेस्टचा आलेख डाव्या कोपऱ्यात काढला. पाच मिनिटांत कमिटीचं मत झालं. असा एक नेमका प्रश्न प्रत्येक उमेदवारासाठी तयार ठेवा, त्याच्या पद्धतीतूनच काढलेला, पाडायला म्हणून नाही तर त्याला आपली हातोटी दाखवायची संधी मिळावी म्हणून.

आता तुमच्या बाजूची तयारी, कारण चांगला उमेदवारही तुमची परीक्षा घेत असतो. क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी १९९९ मध्ये ऑल्बनी, पोर्टलंड आणि एडमंटन अशा तीन लॅबमध्ये त्याच जातींचे उंदीर, तीच उपकरणं, तेच प्रोटोकॉल घेऊन वर्तनाच्या टेस्ट केल्या, शक्य तेवढं सगळं सारखं ठेवलं, तरी काही टेस्टचे निकाल लॅबप्रमाणे बदलले. हे ज्याला ठाऊक आहे तो उमेदवार तुमचं अ‍ॅनिमल हाऊस बघायला मागेलच, आणि बिहेवियरची खोली पिंजरे धुवायच्या मशीनला लागून असेल तर त्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. उंदरांना आपल्या ऐकण्यापलीकडचे, ८० किलोहर्ट्झच्या आसपासचे आवाजही ऐकू येतात, आपल्याला शांत वाटणारी खोली त्यांच्यासाठी गोंगाटाची असू शकते. दिवस-रात्रीचं चक्र उलटं करता येतं का, रात्री सफाईवाला लाइट लावतो का, टेस्टिंगच्या आठवड्यात पिंजरे कोण बदलतं, या प्रश्नांची उत्तरं भेटीआधी गोळा करून ठेवा. दुरुस्ती लागणार असेल तर तारखेसह लिहून द्या, तोंडी आश्वासनावर विसंबून आलेले लोक मी दीड-दीड वर्ष खोलीची वाट बघताना पाहिलेत.

ऑफरमध्ये लोक स्टार्टअपच्या (लॅब उभारायला मिळणाऱ्या पैशाच्या) एकूण रकमेवर अडून बसतात आणि ती कशी खर्च होणार याकडे कोणी बघत नाही. म्हाताऱ्या उंदरांच्या लॅबमध्ये पैसा पिंजऱ्यांच्या रोजच्या भाड्यात जातो, तो उंदीर काही करत नसतानाही चालूच असतो. म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांचं पिंजऱ्यांचं भाडं किंवा त्यात सूट वेगळी लिहा, एक अनुभवी टेक्निशियन निदान तीन वर्षांसाठी द्या (वर्तनाच्या टेस्टमध्ये हात बदलला की डेटा बदलतो, त्यामुळे ही व्यक्ती टिकणं फार महत्त्वाचं), स्टार्टअप वापरायची मुदत वाढवा, आणि उंदरांच्या आयातीचे कागद सही झाल्याच्या दिवसापासून सुरू करा, जॉईन व्हायची वाट बघू नका. शक्य असेल तर उमेदवार पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) असलेल्या जागीच काही उंदीर वाढत ठेवून मोठे झाल्यावर आणायची बोलणी करा, त्याच्या जुन्या बॉसशी कुठले प्रोजेक्ट कोणाचे हेही लेखी घ्या. टेन्युअरचं घड्याळ वाढवायची सोय असेल तर ती ऑफरमध्येच सांगा, उमेदवाराला मागायला संकोच वाटतो. न्यूरॉलॉजिस्ट घेत असाल तर संशोधनाचा राखीव वेळ, पाऊण तरी, क्लिनिकच्या प्रमुखाच्या सहीने हवा, नुसत्या डीनच्या सहीने पेशंटची रांग थांबत नाही.

चांगले लोक शेवटच्या क्षणी का जातात हे विचारलंत, तर बहुतेक वेळा उशिरामुळे आणि जोडीदाराच्या नोकरीमुळे. जोडीदाराबद्दल मुलाखतीत तुम्ही विचारायचं नाही, पण काय सोय आहे त्याचं पत्रक सगळ्याच उमेदवारांना द्या, मग ज्याला गरज आहे तो स्वतः बोलतो. आणि उशीर टाळायला शिफारसपत्रं फक्त शॉर्टलिस्टवाल्यांची मागवा.

आणि एक गोष्ट डीनकडून आत्ताच लेखी घेऊन ठेवा: या वर्षी योग्य माणूस नाही मिळाला तर पोस्ट रद्द होणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात निघेल. ही खात्री नसली की कमिटी घाबरून तिसऱ्या नंबरच्या माणसाला घेते, मग त्याला लागणारी खोली नसते, त्याच्या कामात कोणाला रस नसतो, आणि तो बिचारा आपली सगळ्यात चांगली वर्षं तिथे घालवतो. दोनपैकी एकच पोस्ट भरली तरी चालेल, दुसऱ्या शोधात त्या नव्या माणसाला कमिटीवर घ्या.